अडथळ्यांचीं इंग्रजी नांवें

एखाद्या नगरपालिकेची सभा असो, सहकारी संस्थेचा वार्षिक अहवाल असो किंवा मुंबईहून निघालेलें मंत्रिमहोदयांचें निवेदन असो, त्यांतील भाषेची एक गंमत पुष्कळ दिवसांपासून आमच्या ध्यानांत आलेली आहे. काम सुरळीत चाललें आहे तोंपर्यंत वक्त्याची मराठी अस्खलित वाहत असते. विहिरी खणल्या, रस्ते झाले, शाळा उघडल्या. सारें कसें आईच्या भाषेंत! परंतु काम अडल्याचें सांगण्याची वेळ आली, कीं तोच वक्ता एकदम इंग्रजीच्या आश्रयाला धांवतो. योजनेंत 'बॉटलनेक' निर्माण झाला, वाटाघाटींत 'डेडलॉक' आला, प्रकरण 'रेड टेप'मध्यें सांपडलें, अमुक कायदा हा मोठाच 'स्टंब्लिंग ब्लॉक' आहे, वगैरे वगैरे. यशाला मराठी आणि अपयशाला इंग्रजी ही वांटणी कोणीं व कां केली असावी, याचा विचार करतां करतां आम्ही या शब्दांच्या जन्मकथांकडे वळलों; आणि त्या कथांत आम्हांस जें आढळलें तें वाचकांपुढें ठेवावेंसें वाटलें.

मराठींत अडचणींना नांवें नाहींत असें तर कोणी म्हणूं शकणार नाहीं. दार आंतून बंद करावयाचा तो अडसर. कैद्याच्या पायांत घालावयाचा तो खोडा. ओढाळ गुराच्या गळ्यांत बांधावयाचें तें लोढणें. लांकडाच्या फटींत ठोकावयाची ती पाचर. वाटेंत येऊन पडलेली ती धोंड. खीळ, आडकाठी, मोडता हीं आणखी भावंडें आहेतच. सुताराच्या पडवींतून, गोठ्यांतून आणि बंदिखान्यांतून आलेल्या या शब्दांचा एक विशेष असा, कीं ते सहसा एकटे उभे राहत नाहींत. खीळ घालावी लागते, पाचर मारावी लागते, लोढणें कोणाच्या तरी गळ्यांत बांधावें लागतें. क्रियापद आलें, कीं त्याच्या पाठोपाठ कर्ता आला. आणि कर्ता आला, कीं सभेंतला एखादा आगाऊ श्रोता 'कोणीं?' म्हणून विचारणारच. आमच्या वक्त्यांना मराठी शब्द आठवत नाहींत असें नसून, हा 'कोणीं?' टाळावयाचा असतो अशी आमची शंका आहे. अर्थात् पळवाटा मराठींतही आहेत. 'काम रखडलें', 'प्रकरण अडलें' अशा अकर्मक क्रियापदांच्या आड आमच्या कारकुनांनीं पिढ्यान् पिढ्या आसरा घेतलेला आहे. तेव्हां दोष एकट्या इंग्रजीच्या माथीं मारण्याचा आमचा हेतु नाहीं. शिवकालीं राज्यव्यवहारकोश झाला, पुढें सावरकरांनीं भाषाशुद्धीची चळवळ चालविली. त्या वादांतही आम्हांस येथें शिरावयाचें नाहीं. शब्द परका कीं घरचा हा प्रश्न वेगळा, आणि शब्द कोणाला झांकतो हा प्रश्न वेगळा.

आश्चर्याची गोष्ट ही, कीं ज्या इंग्रजी शब्दांच्या आड आमचे लोक दडतात, त्यांतले बहुतेक मूळचे आरोपपत्रांतलेच आहेत. 'स्टंब्लिंग ब्लॉक' हा शब्द विल्यम टिंडेल यानें इ. स. १५२६ मध्यें छापून निघालेल्या आपल्या 'नव्या करारा'च्या इंग्रजी भाषांतरांत वापरला. इंग्रजींत बायबल करणें त्या वेळीं इंग्लंडांत गुन्हा होता, म्हणून टिंडेलला तें जर्मनींत छापावें लागलें. दहा वर्षांनीं त्याला गळा आंवळून मारण्यांत आलें व नंतर जाळण्यांत आलें. ज्या वाक्यांत हा शब्द येतो तें वाक्य अडखळणाऱ्याला उद्देशून नसून, दुसऱ्याच्या वाटेंत अडखळण ठेवणाऱ्याला उद्देशून आहे. जुन्या करारांत तर आंधळ्याच्या वाटेंत असें कांहीं ठेवूं नये अशी स्पष्ट आज्ञाच आहे. मराठी बायबलांतील 'अडखळण' हा शब्दही मोठा सुरेख आहे. पण तो चर्चच्या भिंतीबाहेर फारसा आला नाहीं.

'रेड टेप'ची हकीकत अधिक विस्तारानें सांगण्यासारखी आहे. विलायतेंतील वकिलांच्या व सरकारी कचेऱ्यांत कागदांचीं भेंडोळीं तांबूस फितीनें बांधून ठेवण्याची चाल सतराव्या शतकापासूनची. अठराव्या शतकांत या फितीवरून थट्टा होऊं लागली होती. परंतु तिला राष्ट्रीय संतापाचें रूप आलें तें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, आणि तें मुख्यतः कार्लाइल व डिकन्स या दोघांच्या लेखणीमुळें. पुढें १८५४ च्या हिवाळ्यांत क्रिमियाच्या युद्धांत इंग्रज सैनिक थंडीनें, रोगानें व उपासमारीनें मरूं लागले. त्यांना कॉफीचे दाणे मिळत ते कच्चे; भाजण्याचें साधन नाहीं. रक्तपिती रोगावर उपाय म्हणून पाठविलेला लिंबाचा रस बालाक्लाव्हाच्या बंदरांत आठवड्यामागून आठवडे तसाच पडून राहिला, कारण तो वांटण्याचा हुकूम कोणींच काढला नव्हता. माल होता, आगबोटी होत्या, पैसाही होता. नव्हती ती एक सही.

या सुमारास स्थापन झालेल्या राज्यकारभार-सुधारणा मंडळाच्या सभेंत, लंडनच्या ड्र्यूरी लेन नाट्यगृहांत, २७ जून १८५५ रोजीं डिकन्सनें एक भाषण केलें. त्यांत त्यानें एक गोष्ट सांगितली. इंग्लंडच्या खजिन्यांत जमाखर्च ठेवण्याची जुनी रीत म्हणजे लांकडाच्या काठीवर खांचा पाडणें. कागद आला, शाई आली, अंकगणित शिकलेले लोक आले, तरी काठ्या चालूच. अखेर एकोणिसाव्या शतकांत ती रीत बंद झाली, तेव्हां त्या कुजक्या काठ्यांच्या राशीचें काय करावें असा प्रश्न पडला. आजूबाजूच्या गरिबांना जळण म्हणून द्याव्या हें कोणाच्याही मनांत येण्यासारखें होतें. पण कचेरीच्या शिरस्त्यांत तें बसेना. हुकूम सुटला, कीं त्या खाजगी रीतीनें जाळून टाकाव्या. १६ ऑक्टोबर १८३४ रोजीं लॉर्डांच्या सभागृहाखालील भट्ट्यांत त्या घातल्या गेल्या, भट्ट्या भडकल्या, आणि पार्लमेंटचीं दोन्ही सभागृहें जळून खाक झालीं! आज आपण चित्रांत पाहतों ती पार्लमेंटची भव्य इमारत त्या राखेवर उभी राहिलेली आहे. १८५५ च्या अखेरीपासून निघूं लागलेल्या 'लिटल डॉरिट' या कादंबरींत डिकन्सनें एक सरकारी कचेरी रंगविली असून, तिचें नांव मराठींत 'द्राविडी प्राणायाम कचेरी' असें सहज करतां येईल. काम कसें न करावें हें शास्त्र तेथें पूर्णत्वास गेलेलें आहे. सांगावयाचें तें हें, कीं त्या काळच्या इंग्रज वाचकानें 'रेड टेप' हे शब्द ऐकले, कीं त्याच्या डोळ्यांपुढें कचेऱ्या येत, खातीं येत, मंत्री येत. शब्दाला पत्ता होता.

हाच शब्द समुद्र ओलांडून आला, तेव्हां पत्ता तिकडेच राहिला. इकडील सरकारी फाइल इतकी संथ व गंभीर, कीं ती पृथ्वीच्या दैनंदिन गतीप्रमाणें गोल गोल फिरत असते, अशी तक्रार खुद्द लॉर्ड कर्झननें केली होती. मग सामान्य रयतेची कथा काय! मराठी वर्तमानपत्रांनीं 'लाल फीत' असें त्या शब्दाचें भाषांतर केलें व पुढें 'लालफीतशाही'ही काढली. पण आमच्या जुन्या दप्तरांत फीत नव्हतीच. आमचे कागद बांधले जात ते रुमालांत. रियासतकार सरदेसाई यांनीं १९३० पासून पांच वर्षांच्या आंत पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड छापून काढले, ते असल्याच हजारों रुमालांतून. या रुमालाला दुसरा शब्द बासन; आणि 'प्रकरण बासनांत गुंडाळून ठेवलें' हा वाक्प्रचार आजही प्रत्येक घरांत समजतो. फितींत प्रकरण आपोआप अडकतें. बासनांत मात्र तें कोणीतरी गुंडाळून ठेवलेलें असतें. दोन्ही शब्द कचेरीच्या कापडाचेच, पण फरक केवढा! एकदां एका कचेरींत आमच्या एका अर्जाची चौकशी करतां, 'साहेब, तो प्रोसेसमध्यें अडकला आहे,' असें उत्तर आम्हांस मिळालें. 'कोणाच्या टेबलावर?' असें आम्हीं विचारतांच तेथील गृहस्थांनीं प्रथमच मान वर करून आमच्याकडे पाहिलें. अर्ज त्यांच्याच कोपराखालीं होता.

आतां 'डेडलॉक'. हा शब्द रंगभूमीवरचा आहे हें फार थोड्यांना ठाऊक असेल. ज्या ड्र्यूरी लेनमध्यें डिकन्सनें भाषण केलें, त्याच ठिकाणच्या पूर्वीच्या नाट्यगृहांत १७७९ सालीं शेरिडनचें 'द क्रिटिक' हें प्रहसन झालें. पुढें वॉरन हेस्टिंग्सवर अयोध्येच्या बेगमांच्या प्रकरणीं पार्लमेंटांत तोफा डागणारा तो हाच शेरिडन. या प्रहसनांत पफ नांवाचा एक पोकळ नाटककार आपल्या नाटकाची तालीम दाखवीत असतो. एका स्पॅनिश कैद्यावर दोन तरुणींचें प्रेम बसलेलें आहे. त्या चिडून त्याच्यावर खंजीर उपसतात. त्यांचे दोघे काका त्यांचे हात धरून आपल्या तरवारी कैद्याकडे वळवितात. तोंच कैदी दोन खंजीर काढून दोघी पुतण्यांच्या छातीला लावतो. पुतण्या त्याला मारूं शकत नाहींत, काकांच्या भीतीनें तो पुतण्यांना मारूं शकत नाहीं, आणि पुतण्यांसाठीं काका त्याला मारूं शकत नाहींत. हात आधीं कोणीं खालीं घ्यावा, हीच प्रत्येकाला धास्ती. या चमत्कारिक स्थितीला पफ मोठ्या अभिमानानें 'डेडलॉक' म्हणतो. मग ही गांठ सुटते कशी? तर एक पहारेकरी येतो, राणीच्या नांवानें सर्वांना शस्त्रें टाकण्याचा हुकूम करतो, आणि सगळे मुकाट्यानें टाकतात! (योगायोग असा, कीं त्याच १७७९ सालच्या जानेवारींत आमच्या मावळांत, वडगांवाजवळ, मराठ्यांनीं मुंबईकर इंग्रजांची फौज चोहोंकडून घेरून तिला तहनामा लिहून देण्यास भाग पाडलें होतें. आम्ही तिला 'कोंडी' म्हणतों. आणि ती कोणीं केली हें शाळेंतील मुलांनाही ठाऊक असतें.)

ही गोष्ट आम्हीं मुद्दाम सविस्तर सांगितली, कारण हिंदुस्थानच्या राजकारणांत या शब्दानें जें काम केलें तें या प्रहसनाच्या शेवटाशीं ताडून पाहण्यासारखें आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, विशेषतः क्रिप्सची शिष्टाई १९४२ त फसल्यावर, इंग्रजी वर्तमानपत्रांत व निवेदनांत हिंदुस्थानच्या 'डेडलॉक'चा सारखा घोष चालूं झाला. काँग्रेसचा हात लीगच्या मनगटावर, लीगचा काँग्रेसच्या, संस्थानिक आणखी कोठें तरी. आणि मध्यें सरकार बिचारें हात जोडून उभें, असें चित्र त्या एका शब्दानें डोळ्यांपुढें उभें राही. २५ जून १९४५ रोजीं लॉर्ड वेव्हेलनें सिमल्यास पुढाऱ्यांची परिषद भरविली. नव्या कार्यकारी मंडळांतील सर्व मुसलमान सभासद लीगनेंच नेमावेत असा जिना यांचा आग्रह होता. काँग्रेसला तो मान्य होणें शक्य नव्हतें, कारण तिचे त्या वेळचे अध्यक्ष मौलाना आझाद हेच मुसलमान होते. १४ जुलैस परिषद मोडली. वर्तमानपत्रांनीं पुन्हां एकदां 'डेडलॉक' छापलें.

शेरिडनच्या प्रहसनांतला पहारेकरी बाहेरून येतो. त्याच्या हातीं कोणाचाही गळा नसतो. सिमल्याचा पहारेकरी मात्र स्वतःच त्या घोळक्यांतला एक होता. राजाच्या नांवानें 'शस्त्रें टाका' म्हणणाऱ्याच्या एका हातांत बेचाळीसच्या अटकांचे हुकूम होते, आणि परिषद कोणाच्या नकारानें मोडावयाची हें ठरविण्याचा अधिकारही त्याच्याकडेच होता. 'डेडलॉक' या शब्दानें सर्वांच्या हातांतलीं शस्त्रें दाखविलीं. हें एवढें शस्त्र मात्र झांकलें. न्याय म्हणून हेंही सांगितलें पाहिजे, कीं परिषदेच्या अपयशाची जबाबदारी वेव्हेलनें शेवटच्या दिवशीं स्वतःवर घेतली. त्याच्या सरकारच्या आवडत्या शब्दापेक्षां तो स्वतः अधिक प्रामाणिक निघाला. पुढें दोन वर्षांनीं ही गांठ सुटली. परंतु ती कशी सुटली, आणि तिच्यापायीं पंजाबांत व बंगाल्यांत काय झालें, हें येथें नव्यानें सांगण्याची गरज नाहीं.

सर्वांत धाकटा आणि आज सर्वांत लाडका शब्द म्हणजे 'बॉटलनेक'. बाटलीची मान अरुंद असते हा कोणाचा अपराध नव्हे. रस्त्याच्या चिंचोळ्या भागाला हें नांव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिळालें. मग तें कारखान्यांत शिरलें, आणि दुसऱ्या महायुद्धांत दारूगोळा, पोलाद, जहाजें यांच्या हिशेबांत सर्रास झालें. 'द कम्प्लीट प्लेन वर्ड्स' या १९५४ च्या पुस्तकांत सर अर्नेस्ट गॉवर्स यांनीं सरकारी लोकांची या शब्दावरून चांगलीच हजेरी घेतली आहे. 'सर्वांत मोठा बॉटलनेक' असें म्हणणारांना हें कळत नाहीं, कीं मान जितकी मोठी तितका प्रवाह सोपा! आमच्याकडे या शब्दाचें भाषांतर कोणीं केलें नाहीं तें बरेंच झालें. ज्या देशांत घोडखिंडीची पावनखिंड झाली, तेथें अरुंद वाटेला नुसती अडचण कोण म्हणणार? 'खिंड लढविणें' हा आमच्याकडे पराक्रमाचा वाक्प्रचार आहे. खरीखुरी बाटलीची मान म्हणावी तर ती बोरघाटाची. मुंबई आणि देश यांच्यामधली ती वाट १८३० त गाड्यांसाठीं खुली झाली, १८६३ त तेथून आगगाडी चढूं लागली, आणि चढण सोपी करण्यासाठीं १९२९ त पुन्हां नवा मार्ग काढावा लागला. निसर्गानें घातलेली अडचण माणसांनीं शतकभर खणून खणून रुंद केली. या अर्थानें तो शब्द निर्मळ आहे.

पण निसर्गाचा शब्द माणसाच्या कृत्याला लावला, कीं काय होतें? १९४२ च्या मार्चांत जपान्यांनीं रंगून घेतलें. ते बंगालच्या किनाऱ्यावर उतरतील या भीतीनें सरकारनें तेथील किनाऱ्याकडील जिल्ह्यांतून हजारों होड्या काढून घेतल्या किंवा निकामी केल्या, व कांहीं भागांतील तांदूळही हलविला. या धोरणाचें नांव 'डिनायल'. पूर्व बंगाल्यांत होडी म्हणजे बैलगाडी, बाजार आणि कोळ्याचें पोट, तिन्ही एकच. पुढल्या वर्षींच्या भीषण दुष्काळाचें हें एकच कारण होतें असें आम्ही म्हणत नाहीं. ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला होता, मेदिनीपुराकडे वादळ झालें होतें, भाव भडकले होते. आणि तांदूळ असूनही तो विकत घेण्याचें सामर्थ्य गरिबांत उरलें नव्हतें हें अमर्त्य सेन यांनीं १९८१ च्या आपल्या ग्रंथांत विशद केलेंच आहे. सर जॉन वुडहेड यांच्या चौकशी मंडळानें १९४५ त मृतांचा आंकडा सुमारें १५ लाख दिला. पुढील अभ्यासकांनीं तो ३० लाखांपर्यंत नेला. आतां एवढ्या मरणांच्या हिशेबांत होड्यांच्या रकान्यापुढें नुसतें 'वाहतुकीची अडचण' असें लिहिलें, तर तें खोटें नाहीं. पण होड्या नव्हत्या आणि होड्या नेल्या या दोन वाक्यांत जें अंतर आहे, तें त्या अडचणींत बुडून गेलें.

स्वातंत्र्यानंतर असे शब्द आपणच घडवूं लागलों, तेही इंग्रजींतच. १९५९ त स्वतंत्र पक्ष काढणाऱ्या राजाजींनीं परवान्यांच्या जाळ्याला 'परमिट-लायसेन्स राज' असें नांव दिलें. त्यांचें अर्थशास्त्र कोणास पटो वा न पटो, शब्द मात्र पक्का होता. 'राज' म्हटलें, कीं राज्य करणारा कोण हें विचारावयास नको. याच्या उलट उदाहरण दिल्लीचे अर्थशास्त्रज्ञ राज कृष्ण यांचें. वर्षाला सरासरी साडेतीन टक्क्यांच्या आसपास रेंगाळणाऱ्या उत्पन्नवाढीला त्यांनीं १९७० नंतरच्या दशकांत 'हिंदु रेट ऑफ ग्रोथ' म्हटलें. तें विनोदानें म्हटलें असेल. पण विनोद विसरला गेला व शब्द राहिला. येथें कर्ता झांकला गेला नाहीं, भलताच कर्ता उभा केला गेला. परवाने देणारे, नाकारणारे, योजना आंखणारे सगळे सुटले, आणि आरोपीच्या पिंजऱ्यांत उभा राहिला कोट्यवधि लोकांचा धर्म! १९८० नंतर वाढीचा वेग साडेपांच टक्क्यांच्या घरांत गेला. त्या दशकांत लोकांनीं धर्म बदलल्याचें कोणाच्या ऐकिवांत नाहीं.

महाराष्ट्रांत मात्र एक शब्द लोकांनीं आपणहून जपला आहे, तो म्हणजे 'दप्तरदिरंगाई'. दप्तर फारशी, दिरंगाईचें मूळही फारशी. शुद्धिवाद्यांना आनंद होण्यासारखें त्यांत कांहीं नाहीं. आमच्या राज्यांत २००५ चा एक अधिनियम आहे. 'महाराष्ट्र शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम' हें त्याचें पूर्ण नांव. तें एका श्वासांत म्हणून दाखविणारा वक्ता आम्हीं अद्याप पाहिला नाहीं. लोक त्याला 'दप्तरदिरंगाईचा कायदा' म्हणतात. त्यांतील दहाव्या कलमांत असें म्हटलें आहे, कीं कोणतीही फाइल सामान्यतः कोणत्याही शासकीय कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांहून अधिक काळ पडून राहतां कामा नये; आणि हेतुपुरस्सर विलंब केल्यास त्या कर्मचाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई व्हावी. 'कर्मचाऱ्याकडे' असा शब्द तेथें स्पष्ट घातलेला आहे.